फुकुशिमा आणि चेर्नोबिल: किरणोत्सर्गाने किती माणसं गेली, भीतीने किती?

किरणमापक (धागाकर्ता)

अणुभट्टीच्या अपघाताचा विषय कुठेही निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "फुकुशिमात वीस हजार माणसं मेली." मी कर्करोग उपचारांच्या विभागात किरणोत्सर्ग सुरक्षेचं काम करतो, त्यामुळे हे वाक्य मला कामावर, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकू येतं. वीस हजारांच्या जवळपास माणसं खरंच गेली, पण ती त्सुनामीने गेली. ११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्य किनाऱ्यालगत ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि मागोमाग आलेल्या लाटांनी गावंच्या गावं ओढून नेली. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे साडेअठरा हजार. त्याच लाटा फुकुशिमा दाइइची केंद्रावर चौदा-पंधरा मीटर उंचीने आदळल्या. केंद्राची आखणी सहा मीटरपेक्षाही कमी उंचीची लाट गृहीत धरून झाली होती. तळघरातले डिझेल जनरेटर बुडाले, गाभा थंड ठेवणारे पंप बंद पडले, तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले आणि हायड्रोजनचे स्फोट झाले.

टीव्हीवर लाटा आणि स्फोट एकाच आठवड्यात दिसले, आणि बघणाऱ्यांच्या मनात त्यांची सरमिसळ झाली. यात कुणाचा दोष नाही. पण या सरमिसळीमुळे एक गोष्ट पार झाकली गेली, आणि तिच्यासाठीच हा धागा काढलाय.

किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची वैज्ञानिक समिती आहे, 'अनस्केअर'. तिने २०१३ साली आणि पुन्हा २०२१ मध्ये फुकुशिमावर सविस्तर अहवाल दिला. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच: थेट किरणोत्सर्गामुळे झाला असं म्हणता येईल असा आरोग्यावरचा कोणताही दुष्परिणाम तिथल्या रहिवाशांमध्ये आढळलेला नाही. घरं सोडून गेलेल्या प्रौढांना पहिल्या वर्षात सरासरी जो डोस मिळाला तो गावागणिक वेगळा होता, पण जास्तीत जास्त सहा मिलिसिव्हर्टच्या आत (शरीराला मिळालेला किरणोत्सर्ग या एककात मोजतात). निसर्गातून, म्हणजे दगड, माती, हवेतला रेडॉन, अवकाशातले किरण यांतून जगातल्या सरासरी माणसाला दरवर्षी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. पोटाचा एक सीटी स्कॅन म्हणजे दहाच्या आसपास. केंद्रातल्या एका कामगाराचा फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेला मृत्यू २०१८ मध्ये जपान सरकारने कामाशी संबंधित मानला आणि भरपाई दिली.

आता दुसरी बाजू. केंद्रापासून साडेचार किलोमीटरवर ओकुमा गावात एक रुग्णालय होतं, बहुतेक रुग्ण वृद्ध, बरेचसे अंथरुणाला खिळलेले. स्थलांतराचा हुकूम आला. जे चालू शकत होते ते आधी गेले, आणि ज्यांना सलाइन, ऑक्सिजन, कुशीवर वळवायला माणूस लागतो असे मागे राहिले. दोन दिवसांनी त्यांच्यासाठी बस आल्या. त्या बसमध्ये डॉक्टर-नर्स नव्हत्या. रस्ते तुटलेले, जवळची रुग्णालयं घ्यायला तयार नाहीत, म्हणून वळसे घेत दोनशेहून अधिक किलोमीटर, दहाएक तास. काही जण बसमध्येच गेले, काही शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर. त्या रुग्णालयातल्या आणि त्याला जोडलेल्या वृद्धाश्रमातल्या मिळून ४४ जणांच्या मृत्यूबद्दल वीजकंपनीच्या माजी अधिकाऱ्यांवर खटला चालला (२०१९ मध्ये ते निर्दोष सुटले). त्या ४४ पैकी एकाचाही जीव किरणोत्सर्गाने गेला नव्हता. कुणी पाण्याविना गेलं, कुणी थंडीने गारठून, कुणी उपचार थांबल्याने.

मिनामिसोमा शहरातल्या पाच वृद्धाश्रमांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हलवलेल्या ३२८ वृद्धांपैकी ७५ जण वर्षभरात गेले. एरवीच्या मृत्युदराच्या २.७ पट. त्यातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पाचही आश्रमांत हे प्रमाण सारखं नव्हतं. जिथे घाईगर्दी न करता, आधी जागा ठरवून, काळजी घेणारी माणसं सोबत देऊन हलवलं तिथे मृत्यू कमी झाले. किती लांब नेलं यापेक्षा कसं नेलं याला जास्त महत्त्व होतं.

जपानमध्ये अशा मृत्यूंची वेगळी सरकारी नोंद होते: आपत्तीशी संबंधित मृत्यू. लाटेने किंवा घर पडून नव्हे, तर त्यानंतरच्या परवडीने झालेले. एकट्या फुकुशिमा प्रांतात ही संख्या २,३०० च्या वर गेली. तिथे भूकंप-त्सुनामीत थेट गेलेल्यांपेक्षाही जास्त.

किरणोत्सर्ग निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही. माझा रोजचा धंदाच त्याला कुलूपबंद ठेवण्याचा आहे. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला तेव्हा आगीशी लढलेल्या आणि केंद्रात काम करणाऱ्या १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्ग-आजार झाला आणि त्यातले २८ जण काही महिन्यांत अतिशय वेदनेने गेले. त्यानंतर मुलांमधले थायरॉइडचे कर्करोग. ते खरे होते, हजारोंनी होते, आणि बव्हंशी टाळता आले असते. किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडलं, गाईंनी ते खाल्लं, दुधात उतरलं, आणि ते दूध मुलं पीत राहिली कारण त्यांच्या आईवडिलांना कुणी सांगितलंच नाही. या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं. दोन-अडीच महिने ताजं दूध बंद ठेवलं असतं तरी पुरलं असतं. शेजारच्या पोलंडने अपघातानंतर तीन दिवसांत साधं, किरणोत्सर्गी नसलेलं आयोडीन द्यायला सुरुवात केली (त्याने थायरॉइड भरली की किरणोत्सर्गी आयोडीन तिच्यात फारसं शिरत नाही) आणि एक कोटीहून अधिक मुलांपर्यंत ते पोचवलं.

म्हणजे चेर्नोबिलमध्ये जी भीती बाळगायला हवी होती ती लोकांपर्यंत पोचू दिली नाही, आणि फुकुशिमात त्या ओकुमाच्या रुग्णांसाठी ती प्रमाणाबाहेर वापरली गेली. दोन्हीकडे माणसं गेली. भीतीने गेलेल्यांची मोजदाद आपण का करत नाही, याबद्दल इथल्या लोकांचं मत ऐकायचं आहे. कोकणातल्या आणि पालघरकडच्या मंडळींनी जरूर लिहा.

शंकासुर

लेख मुद्देसूद आहे, पण मला तीन ठिकाणी अडायला होतं.

एक. २,३०० मृत्यू भीतीच्या खात्यात कसे टाकले? तिथे भूकंपही झाला होता. वीज नाही, औषध नाही, कडाक्याची थंडी. अणुकेंद्र नसतं तरी म्हातारी माणसं गेलीच असती.

दोन. चेर्नोबिलचे एकूण बळी किती? एकीकडे ४,००० म्हणतात, ग्रीनपीस ही पर्यावरणवादी संघटना ९३,००० म्हणते. इतका फरक असेल तर कुणावर का विश्वास ठेवायचा?

तीन, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं. लोक घाबरतात ते अडाणी आहेत म्हणून नाही. त्यांच्याशी खोटं बोललं गेलंय म्हणून. सोव्हिएत सरकारने दोन दिवस तोंड उघडलं नाही. स्वीडनमधल्या फोर्समार्क केंद्रात कामगारांच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला तेव्हा जगाला कळलं. १ मेला कीव्हमध्ये मुलांना घेऊन संचलन झालं. आणि जपान? नामिए गावचे लोक वायव्येला त्सुशिमाकडे गेले. किरणोत्सर्गाचा ढग नेमका तिकडेच जात होता. हवा कुठे वाहतेय याचा अंदाज देणारी सरकारी संगणक-प्रणाली होती, तिचे नकाशे अधिकाऱ्यांकडे होते, पण ते लोकांपर्यंत वेळेत पोचले नाहीत. त्या गावकऱ्याला तुम्ही उद्या 'अनस्केअर'चा अहवाल वाचून दाखवलात तर तो काय म्हणेल?

किरणमापक

@शंकासुर, तिन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिल्याचं उत्तर शेजारच्या प्रांतांत मिळतं. मियागीत त्सुनामीने साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं गेली, इवातेत साडेचार हजारांवर. फुकुशिमात थेट मृत्यू सोळाशेच्या जवळपास. पण नंतरच्या परवडीने झालेले मृत्यू मियागीत हजाराच्या आत आणि इवातेत पाचशेच्या आत राहिले, फुकुशिमात २,३०० च्या वर गेले. थंडी आणि भूकंप तिघांनाही होता. फुकुशिमात वेगळं काय होतं, तर दीड लाखाहून अधिक लोकांना घर सोडावं लागलं, आणि त्यातल्या कित्येकांना वर्षानुवर्षं परतता आलं नाही. प्रत्येक मृत्यूवर कारण लिहून देता येत नाही हे मान्य, पण फरक डोळ्यांआड करता येण्याजोगा नाही.

दुसरं. ४,००० काय किंवा ९३,००० काय, हे मोजलेले मृतदेह नाहीत. दोन्ही गणितं आहेत. हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्यांचा अभ्यास १९५० पासून चालू आहे, सव्वा लाखाच्या आसपास माणसांचा. त्यातून मोठ्या डोसला कर्करोग किती वाढतो हे नीट कळतं. १०० मिलिसिव्हर्टच्या खाली मात्र वाढ इतकी लहान असते की एरवीच्या कर्करोगांच्या गर्दीत ती वेगळी काढणं फार कठीण जातं. सुरक्षिततेसाठी आम्ही असं धरून चालतो की डोस निम्मा तर धोका निम्मा, आणि शून्य कुठेच नाही. नियम करायला हे गृहीतक चांगलं आहे, मी स्वतः त्यावरच काम करतो. पण तेच घेऊन अतिशय छोटा डोस कोट्यवधी लोकांनी गुणला की हजारो मृत्यू कागदावर येतात. असा गुणाकार करू नका असं हे नियम घालून देणारा आंतरराष्ट्रीय आयोगच सांगतो. ४,००० चा अंदाज सर्वाधिक डोस मिळालेल्या सहा लाख लोकांपुरता होता: अपघातानंतर किरणोत्सर्गाच्या सफाईला गेलेले कामगार, हलवलेले रहिवासी, सर्वाधिक दूषित भागात राहणारे. त्या सहा लाखांत इतर कारणांनी कर्करोगाने जाणारेच लाखाच्या वर असणार. त्यामुळे हे चार हजार कोण, हे कधीच बोट ठेवून दाखवता येणार नाही. याचा अर्थ ते नाहीत असा नाही.

तिसऱ्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. नामिएच्या माणसाला मी अहवाल वाचून दाखवणार नाही. त्याला त्याच्या अंगणातलं मोजमाप त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवीन, आणि यंत्र त्याच्या हातात देईन.

डॉ_निशिगंध

मी अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांवर काम करते, त्यामुळे थायरॉइडबद्दल लिहिते. फुकुशिमातल्या मुलांना कर्करोग झाला असं आपल्या व्हॉट्सअॅपवर वरचेवर फिरतं, आणि त्यामागे खरी आकडेवारी आहे, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

अपघाताच्या वेळी अठरा वर्षांच्या आत असलेल्या फुकुशिमातल्या सर्व मुलांची, म्हणजे साडेतीन लाखांहून अधिक, सोनोग्राफीने थायरॉइड तपासणी सुरू झाली. पहिल्याच फेरीत शंभराहून अधिक मुलांमध्ये कर्करोग किंवा तसा संशय आढळला. एरवी या वयात तो फार क्वचित दिसतो, त्यामुळे आईबाप हादरले. पण चेर्नोबिलशी ताडून बघा. तिथे कर्करोग चार वर्षांनंतर वाढू लागले, आणि सर्वात जास्त त्यांच्यात ज्यांचं वय अपघाताच्या वेळी पाच वर्षांच्या आत होतं. फुकुशिमात ते पहिल्या फेरीतच सापडले, आणि मुख्यतः मोठ्या मुलांत. मार्च २०११ च्या अखेरीस हजाराहून अधिक मुलांच्या गळ्याजवळ यंत्र धरून मोजलं होतं, सगळे जपानने ठरवलेल्या मर्यादेच्या आत. आओमोरी, यामानाशी, नागासाकी या लांबच्या भागांतल्या मुलांची तशीच तपासणी केली, तर गाठींचं प्रमाण तिथेही त्याच घरातलं निघालं.

काय झालं असेल? थायरॉइडचा पॅपिलरी कर्करोग अनेकांच्या गळ्यात लहान ठिपक्यासारखा असतो आणि आयुष्यभर काही करत नाही. बारीक नजरेने शोधलं तर तो सापडतो. दक्षिण कोरियात प्रौढांची अशी सरसकट सोनोग्राफी सुरू झाली तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाची नोंद पंधरा पट झाली आणि त्याने होणारे मृत्यू मात्र होते तितकेच राहिले. काही जपानी संशोधकांनी फुकुशिमातली वाढ किरणोत्सर्गाचीच आहे असं मांडलं, त्यावर बरीच झटापट झाली; बहुतेक तज्ज्ञांना ते पटलेलं नाही, मलाही पटत नाही. पण माझं मन अडकतं ते या मुलांपाशी. शस्त्रक्रिया झाली, गळ्यावर व्रण, काहींना जन्मभर गोळी, आणि शिवाय "मला किरणोत्सर्गाने कर्करोग झाला" ही समजूत. काळजीपोटी केलेल्या तपासणीने केवढा भार दिला.

चेर्नोबिलबद्दल एक भर. १९९१ ते २०१५ दरम्यान अख्ख्या बेलारूस व युक्रेनमध्ये आणि रशियाच्या सर्वाधिक दूषित भागांत, अपघाताच्या वेळी अठराच्या आत असलेल्यांमध्ये १९ हजारांवर थायरॉइड कर्करोग नोंदले गेले. 'अनस्केअर'च्या मते त्यातला साधारण चौथा हिस्सा किरणोत्सर्गाचा. वेळेवर उपचार झाल्याने त्यातले फार थोडे दगावले.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना ठाऊक असते. ग्रीस चेर्नोबिलपासून हजार किलोमीटरहून दूर. तिथे मिळालेला डोस नगण्य. तरीही १९८७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासानुसार त्या वेळी तिथल्या लवकरच्या गर्भारपणांपैकी सुमारे २३ टक्के गर्भपाताने संपवली गेली असावीत, म्हणजे हवी असलेली अंदाजे अडीच हजार मुलं. विकृत मूल होईल या भीतीने, आणि कित्येकदा डॉक्टरांच्याच सल्ल्याने. आपल्याकडेही दिवस गेलेत हे कळायच्या आधी काढलेल्या एका एक्स-रेमुळे रडत येणाऱ्या मुली मी बघते. छातीच्या एक्स-रेचा गर्भाला पोचणारा डोस इतका कमी असतो की त्यासाठी गर्भपाताचा विचारही करायचा नसतो. १०० मिलिग्रेच्या (डोस मोजायचं आणखी एक एकक) खाली तो सल्ला देऊच नये असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. कृपया हे आपापल्या घरात सांगा.

जुना_वाचक

ग्रीसचं वाचून आयरिश लोण्याची आठवण आली. चेर्नोबिलनंतर युरोपातून मदत म्हणून मुंबईत आयर्लंडचं लोणी आलं होतं. त्यात किरणोत्सर्ग आहे म्हणून केवढा गदारोळ. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. १९८८ साली तज्ज्ञांची समिती नेमून, तिचा अहवाल बघून न्यायालयाने ते खाण्यास सुरक्षित ठरवलं. आमच्या चाळीत त्यानंतरही कित्येक घरांत लोणी यायचं बंदच राहिलं. निकाल पेपरात आला होता, पण भीती बसायला एक मथळा पुरतो आणि उठायला निकालही पुरत नाही.

इरईकाठ

चंद्रपूरचा आहे. तुमच्या चर्चेत कोळसा कुठेच नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. छपरावर, कपड्यांवर राख. लहान मुलांचे खोकले. इथे स्फोट होत नाही, गाव रिकामं होत नाही, म्हणून टीव्हीची गाडीही येत नाही. माणसं दम्याने, हृदयविकाराने एकेक करून जातात आणि दाखल्यावर राखेचं नाव नसतं.

जर्मनीने फुकुशिमानंतर अणुकेंद्रं बंद करायचं ठरवलं आणि एप्रिल २०२३ मध्ये शेवटची तीन बंद केली. मधल्या काळात ती वीज बऱ्याच अंशी कोळशाने भरून काढली. अमेरिकी अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात त्या जास्तीच्या धुरामुळे वर्षाला सुमारे ११०० मृत्यू जास्त झाले असा अंदाज आहे. हा पण अंदाजच, देह मोजलेले नाहीत. पण मला हे समजत नाही की एका अंदाजाने देश हलतात आणि दुसऱ्या अंदाजाने कुणाची मानही वळत नाही. अणुवीज आणा किंवा आणू नका, पण आमच्या छातीतली राख हिशेबात धरा.

खाडीकाठ

राजापूर तालुका. तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितोय.

जैतापूर अणुवीज प्रकल्पाला आमचा विरोध फुकुशिमाच्या आधीचा आहे. माडबनचा सडा, मिठगवाणे, निवेली, करेल इथल्या जमिनी त्याआधीच संपादनात गेल्या होत्या. एप्रिल २०११ मध्ये नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. बाहेरच्यांना वाटतं फुकुशिमा बघून हे लोक बिथरले. तसं नाही. साखरीनाट्याचा मच्छीमार विचारतो की केंद्राभोवतीच्या समुद्रात सुरक्षेच्या नावाखाली होडी जाऊ देणार नाहीत, मग मी जाळं कुठे टाकू? गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळी किनाऱ्याजवळ राहील का? आंब्याचा कलमवाला विचारतो की उद्या केंद्रात काही न घडताही नुसती अफवा उठली आणि वाशीच्या व्यापाऱ्याने पेटी परत पाठवली, तर नुकसान कोण भरणार?

यातला एकही प्रश्न मिलिसिव्हर्टचा नाही. आणि आमच्या प्रत्येक सभेत साहेब लोक येऊन मिलिसिव्हर्टच समजावतात. केळ्यातही किरणोत्सर्ग असतो म्हणतात. माणसाला वाटतं की आपल्याला खुळा समजतायत. तुमचा लेख तसा नाही, हे वाचताना जाणवलं. तरी सांगतो, 'भीती' या एका शब्दात आमचं सगळं कोंबू नका.

अजून एक. ओकुमाच्या म्हाताऱ्यांचं वाचून रात्रभर डोक्यात तेच. आमच्या वाड्यांमध्ये आता म्हातारीकोतारीच उरलीत, पोरं मुंबईला. घाटी, पाखाडी उतरून डांबरी रस्त्यावर यायलाच त्यांना अर्धा तास. तशी वेळ आली तर त्यांना कोण उचलणार?

मुक्ता_सैतामा

मी सैतामा प्रांतात राहते. ज्या फुताबा गावाच्या हद्दीत केंद्राचा काही भाग येतो, त्या अख्ख्या गावाचा कारभार २०११ मध्ये इथल्या काझो शहरातल्या एका बंद पडलेल्या शाळेत हलवला होता. सुरुवातीला हजाराहून जास्त लोक वर्गखोल्यांत राहत होते, आणि शेवटची माणसं बाहेर पडली ती २०१३ च्या अखेरीस.

@खाडीकाठ, तुम्ही आंब्याचं लिहिलंत तेच इथे पीच, तांदूळ आणि मासळीचं झालं. फुकुशिमाने २०१२ पासून पिकवलेल्या तांदळाचं प्रत्येक पोतं यंत्रावरून घालवलं, वर्षाला एक कोटीच्या आसपास पोती. जपानची मर्यादा किलोला १०० बेकरेल (अन्नातला किरणोत्सर्ग मोजायचं एकक), जगात सर्वात कडक मर्यादांपैकी एक. २०१५ च्या पिकापासून एकही पोतं त्यावर गेलेलं नाही. तरी भाव पडलेला तो लवकर सावरला नाही. शेतकऱ्यांनी सगळं प्रामाणिकपणे केलं आणि तरीही त्यांना सोसावं लागलं, हे मला अजून पटवून घेता येत नाही.

लोकांच्या मनाचं काय झालं तेही मोजलंय. स्थलांतरितांच्या आरोग्य सर्वेक्षणात पहिल्या वर्षी १४.६ टक्के प्रौढांमध्ये तीव्र मानसिक ताण आढळला. जपानमध्ये एरवी हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास असतं. वजन, रक्तदाब, मधुमेह वाढले. शेती आणि मासेमारी करणारी माणसं एकदम कंटेनरसारख्या घरांत बसून राहिली, त्याचा हा परिणाम. आणि मुलं! फुकुशिमाहून योकोहामाला गेलेल्या एका मुलाला शाळेत "जंतू" म्हणून हिणवत होते, त्याच्याकडून पैसे उकळत होते. हे २०१६ मध्ये उघड झालं तेव्हा देशभर हळहळ झाली. हिरोशिमाच्या मुलींना स्थळं नाकारली जात, तेच पुन्हा दुसऱ्या पिढीत. हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्यांच्या मुलांत आनुवंशिक परिणाम आढळलेले नाहीत, आणि चेर्नोबिलच्या सफाई कामगारांच्या व रहिवाशांच्या १३० मुलांचे जनुक तपासणारा अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यातही नव्या उत्परिवर्तनांत वाढ दिसली नाही. हे सगळ्यात आधी शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

किरणमापक

@खाडीकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. होडी, मासळी, पेटी हे प्रश्न उपजीविकेचे आहेत, त्यांना उपजीविकेचीच उत्तरं लेखी मिळायला हवीत. केळ्याचं उदाहरण देणाऱ्यांचा मलाही राग येतो. समोरच्याने विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तर नसतं.

म्हाताऱ्या माणसांचं तुम्ही बरोबर पकडलंत. आपल्याकडे अणुकेंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीचं नियोजन करावं लागतं, आणि केंद्राच्या कुंपणाबाहेरची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची असते. सरावही होतात. सरावात शाळेची मुलं रांगेने बसमध्ये चढतात. माझं म्हणणं आहे की सराव अंथरुणाला खिळलेल्या माणसापासून सुरू व्हावा. कोणत्या वाडीत कोण चालू शकत नाही, कुणाला ऑक्सिजन लागतो, कुणाचं डायलिसिस आहे, ही यादी आशाताईंकडे आणि तलाठ्याकडे तयार हवी. आणि त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी पहिले काही दिवस हलवण्यापेक्षा पक्क्या घरात, दारं-खिडक्या लावून, काळजी घेणाऱ्या माणसासोबत राहणं अधिक सुरक्षित आहे का, हे आधीच ठरलेलं हवं. ऐंशी वर्षांच्या आजीला काही मिलिसिव्हर्टमुळे वीस वर्षांनी कर्करोग होईल म्हणून आज थंडीत दहा तास बसमध्ये घालणं हा कोणताच हिशेब नाही. लहान मुलं आणि गरोदर बाया यांचा हिशेब वेगळा, त्यांना आधी हलवायचं.

@इरईकाठ, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, मी लिहीन. चंद्रपूरचं मोजमाप इथे दोन ओळींत उरकायचं नाही.

शंकासुर

मियागी-इवातेची तुलना पटली. विश्वासाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. यंत्र लोकांच्या हातात द्यायचं म्हणालात, ते तारापूर अणुकेंद्राजवळच्या ग्रामपंचायतींपासून सुरू करा. आकडा केंद्राच्या फाटकाआत असतो तोवर तो कितीही खरा असला तरी गावासाठी तो सरकारचाच आकडा.

मधुरा_बोईसर

सगळा धागा वाचला. आम्ही तारापूर केंद्रापासून जवळच राहतो. एक सरळ प्रश्न आहे. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठाची पोती भरून ठेवली होती असं वाचलेलं. तशी वेळ आली तर मीठ जास्त खाल्ल्याने खरंच काही उपयोग होतो का? आणि आयोडीनच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात का? घरी तीन वर्षांची मुलगी आणि अर्धांगाच्या झटक्याने पडून असलेल्या सासूबाई आहेत.

किरणमापक

@मधुरा_बोईसर, मिठाचा उपयोग नाही. प्रौढ माणसाच्या गोळीत १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड असतं, म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन. आपल्या मिठात किलोला १५ मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढं आयोडीन मिळवायला सहा-सात किलो मीठ खावं लागेल. त्याने जीव जाईल.

गोळ्या मुलांसाठी खरोखर उपयोगी आहेत, पण वयाप्रमाणे मात्रा वेगळी, आणि किरणोत्सर्गी आयोडीन पोचण्याच्या थोडं आधी किंवा लगेच घेतली तरच. त्या केव्हा घ्यायच्या हे प्रशासन सांगतं, आपण होऊन घ्यायच्या नाहीत. त्या फक्त थायरॉइड वाचवतात, बाकी शरीराला त्यांचा उपयोग नाही. चाळिशीपुढच्यांना फायदा फारसा नाही. मुलीसाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे सूचना येईपर्यंत ताजं दूध आणि उघड्यावरची पालेभाजी बंद, पावडरीचं किंवा आधीचं बंद पाकिटातलं दूध चालेल.

सासूबाईंचं नाव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात आणि तुमच्या आशाताईंकडे आत्ताच लिहून द्या: चालू शकत नाहीत, कोणती औषधं, कोण सांभाळतं. पंधरा दिवसांची औषधं आणि औषधांची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. पावसाळ्यात रस्ते बुडतात तेव्हाही ती पिशवी लागेल.